हिंवाळी कागडा व आमचीं पडीक शेतें

कार्तिकी एकादशी झाली, तुळशीचीं लग्नें लागलीं, म्हणजे आमच्या मुलखांत लग्नसराईस आरंभ होतो; आणि नेमक्या त्याच सुमारास मोगऱ्याचे ताटवे रिकामे पडूं लागतात. ज्या दिवसांत गजऱ्यास, वेणीस व मंडपास पांढऱ्या फुलाची मागणी वाढते, त्याच दिवसांत मोगरा विश्रांति घेतो. हा सृष्टीचा क्रम आहे व तो कोणाच्या खटपटीनें सहसा बदलणारा नाहीं. परंतु या उणिवेची भरपाईही सृष्टीनेंच करून ठेविली आहे. वर्षभर पानांनीं हिरवें राहणारें व ऐन थंडींत फुलणारें असें एक झुडूप आमच्याच मातींत वाढतें. संस्कृत ग्रंथांत त्यास कुंद म्हटलें आहे. वसई-पालघरकडील बागाइतदार व दादरचे फूलवाले त्यास कागडा म्हणतात. या झाडाकडे मुंबईच्या उपनगरांतील शेतकऱ्यांनीं द्यावें तितकें लक्ष दिलेलें नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे, व तें सकारण मांडावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

उपनगरांत शेती उरली आहे कोठें, असा प्रश्न कोणी हंसून करील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ती थोडी उरली आहे म्हणूनच तिचा विचार अधिक काळजीनें केला पाहिजे. मुंबई उपनगर जिल्हा १९९० सालीं शहर जिल्ह्यापासून निराळा झाला. त्यांत अंधेरी, बोरिवली व कुर्ला असे तीन तालुके आहेत. मुलुंड व घाटकोपर हीं कुर्ला तालुक्यांत मोडतात. गोराई, मनोरी, मढ, एरंगळ या किनाऱ्याकडील गांवांत, आरेच्या पाड्यांत, तसेंच जुन्या गांवठाणांतील घरांच्या मागें अजूनही विहीर आहे, माती आहे व ती कसणारीं माणसें आहेत. आम्हीं उभी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनींत घालविली. त्या काळांत जमिनी कशा जातात हें आम्हीं कागदावर पाहिलें आहे. विक्रीनें जाणारी जमीन एका फेरफारानें जाते व तिचे पैसे तरी खातेदाराच्या हातीं पडतात. परंतु पड राहून जाणारी जमीन हळूहळू जाते. प्रथम पिकाच्या रकान्यांत भात जाऊन गवत येतें. मग गवत जाऊन ‘पड’ हा शब्द येतो. मग एके दिवशीं बांधावर कोणी राडारोडा टाकून जातो. पुढें त्यावर पत्र्याची शेड उभी राहते. आणि मग खातेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवूं लागतो. ज्या शेतांत रोज पहांटे चार माणसें कामास उतरतात, त्या शेताची गोष्ट सहसा अशी होत नाहीं.

या बेटांत फुलाफळांची हौस नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फ्रामजी कावसजी बनाजी यांनीं पवईची इस्टेट सरकारकडून घेऊन तेथें ऊस, तुती व फळझाडें यांची लागवड केली. त्याच काळांत मुंबईंत शेतकी व बागाइतीस उत्तेजन देणारी एक संस्था निघाली व तिनें शिवडी येथें बाग केली. पुढें १८६५ च्या सुमारास त्या जागेवर दफनभूमि झाली. पवईच्या परिसरांत १९५८ सालीं भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली व त्यानंतर भोंवतीं मोठी वस्ती वाढली. यांत कोणास दोष देण्याचा आमचा उद्देश नाहीं. शहर वाढावयाचेंच. १९५० व १९५७ या सालीं बृहन्मुंबईच्या हद्दी वाढून ती मुलुंड-दहिसरपर्यंत आली, तेव्हांच तें ठरून गेलें. परंतु शहर वाढलें म्हणजे शहराची गरजही वाढते, आणि फूल ही अशी गरज आहे कीं, ती पहांटे खुडून सकाळीं विकावी लागते. जो बाजारापासून जवळ, त्याचें फूल ताजें. या एका बाबतींत तरी शहराचें सान्निध्य हें आम्हांस संकट नसून भांडवल आहे.

आतां झाडाची ओळख. कागडा हें मोगऱ्याच्याच कुळांतील झुडूप होय. वनस्पतिशास्त्रांत त्यास जास्मिनम मल्टिफ्लोरम असें नांव आहे. कोंवळ्या फांद्यांवर व फुलाच्या देंठाशीं बारीक मऊ लव असते, म्हणून जुन्या ग्रंथांत त्यास जास्मिनम प्युबेसेन्स म्हणजे लवदार जाई असेंही म्हटलेलें आढळतें. पानें समोरासमोर, गर्द हिरवीं. फूल पांढरें शुभ्र, पाकळ्या निमुळत्या, त्यामुळें तें चांदणीसारखें दिसतें. मोगऱ्याची पाकळी गोलसर व भरीव. कागड्याची बारीक व टोंकदार, हा भेद एकदां ध्यानांत आला म्हणजे घोटाळा होत नाहीं. सह्याद्रींत कुसर म्हणून जो रानमोगरा आढळतो तो निराळा; तो चैत्र-वैशाखाच्या सुमारास फुलतो. अमरकोशांत कुंदास ‘माघ्य’ असें दुसरें नांव दिलें आहे. यावरून माघ महिन्यांत फुलणारें हें झाड आमच्या पूर्वजांस चांगलें ठाऊक होतें हें उघड आहे. कालिदासानें मेघदूतांत अलकानगरीच्या स्त्रियांस सहाही ऋतूंचीं फुलें एकाच वेळीं ल्यावयास दिलीं आहेत. तेथें केसांत माळावयास आहे तो कुंदच.

एक गोष्ट आरंभींच प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. कागड्यास मोगऱ्याचा सुवास नाहीं. वास आहे तो फार मंद. मोगऱ्याशीं स्पर्धा करण्याकरितां कोणीं तो लावूं नये. त्याची किंमत त्याच्या वेळेंत आहे. मोगरा नसतांना जें पांढरें फूल वेणींत बसतें, दोऱ्यांत नीट ओंवलें जातें, त्यास गिऱ्हाईक आहे. मोगरा आला कीं तें गिऱ्हाईक मोगऱ्याकडे जातें. ज्यानें हें ओळखलें त्यास कागडा निराश करीत नाहीं.

अलीकडे रोपवाटिकांतून परदेशी झुडुपांचीं नांवें पुष्कळ ऐकूं येतात. थंड देशांतील लोक हिंवाळ्यांत फुलणाऱ्या सदाहरित झुडुपांस फार जपतात. जपानांत व युरोपांत कॅमेलिया या चहाच्या कुळांतील झाडाचे ताटवे थंडींत फुललेले असतात. त्यांचें कौतुक योग्य आहे. बाहेर सारें उघडें-बोडकें असतां एक झाड पानाफुलांनीं भरलेलें दिसावें, याचें मोल त्या देशांतच कळतें. परंतु ज्या झाडास थंड हवा व आम्लधर्मी माती लागते, तें अंधेरीच्या उकाड्यांत कुंडींत आणून ठेवणें म्हणजे पैसे देऊन त्याचें मरण पाहणें होय. आमचा हिंवाळा तो केवढा? सांताक्रूझच्या वेधशाळेंत २२ जानेवारी १९६२ रोजीं पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, व तो तेथील नीचांक म्हणून आजही सांगितला जातो. हिम येथें पडत नाहीं. तेव्हां थंडींत पानें टिकविणें ही येथें झाडाची परीक्षा नव्हे. येथील परीक्षा पावसाची आहे. चार महिन्यांत २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि २६ जुलै २००५ रोजीं तर एकट्या सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. अशा पावसांत ज्याचीं मुळें कुजत नाहींत व त्यानंतरच्या आठ महिन्यांच्या कोरडीत ज्याचीं पानें झडत नाहींत, तें आमचें खरें सदाहरित झाड. पाण्याचा निचरा साधला तर कागडा या परीक्षेंत उतरतो.

लागवडीसंबंधीं आतां थोडें तपशिलानें सांगतों.

जमीन निवडतांना उंचवट्याची, मुरमाड-तांबूस व निचऱ्याची निवडावी. भाताच्या खलाटींत तो लावूं नये; तेथें पावसाळाभर पाणी तुंबतें. खाजणाच्या खारवट जमिनींतही लावूं नये. वरकस जमिनीचा जो तुकडा भातास निरुपयोगी म्हणून आम्ही सोडून देतों, नेमका तोच कागड्यास मानवतो. जागेवर दिवसांतून बराच वेळ ऊन पडलें पाहिजे. उंच इमारतीच्या सावलींत झाड वाढेल, पानें येतील, परंतु कळी कमी धरील. उपनगरांत हें पाहणें फार अवश्य आहे, कारण येथें सावली झाडांची नसून भिंतींची असते व ती छाटतां येत नाहीं.

रोपें फाटे कलमानें सहज होतात. पावसाळ्याच्या आरंभीं, फार कोंवळी नव्हे व फार जून नव्हे अशी फांदी घेऊन तिचे वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे करावे. खालचीं पानें काढून टाकावीं, व रेतींत किंवा रेतीमिश्रित मातींत दोन डोळे बुडतील असे लावावे. सावली व ओल ठेवावी. जमिनीलगतची फांदी मातींत दाबूनही कलम होतें. ज्याच्याकडे एक जोमदार झाड आहे, त्यास विकत रोप घेण्याचें कारण नाहीं. शेजाऱ्यास दोन फाटे द्यावे व त्याच्याकडून दोन घ्यावे, ही जुनी रीत या झाडास पुरेशी आहे.

उन्हाळ्यांत दीड फूट लांब, रुंद व खोल असे खड्डे खणून तापूं द्यावे. मग पाटीभर चांगलें कुजलेलें शेणखत मातींत मिसळून भरावे. आषाढांत लागण करावी. दोन झाडांत व दोन ओळींत सहा फूट अंतर ठेवावें. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यांत या अंतरानें सुमारें ३० झाडें बसतात. दहा गुंठ्यांत ३००. हा हिशेब आम्ही मुद्दाम देतों, कारण लागणीपूर्वीं झाडें मोजलीं म्हणजे पुढें कळी खुडावयास किती हात लागतील याचा अंदाज येतो, व तो न घेतां लावलेली बाग पुढें डोईजड होते.

या झाडाची सर्वांत मोठी गोष्ट छाटणीची आहे. कागड्याच्या कळ्या बाजूच्या लहान फांद्यांच्या शेंड्यांवर झुबक्यांनीं येतात. पावसाळ्यांत वाढलेली ही कोंवळी वाढ पावसानंतर ठरते, रात्रीं थंड होऊं लागल्या म्हणजे तिच्या शेंड्यांस कळी धरते. यावरून नियम निघतो तो असा: मुख्य छाटणी फुलांचा हंगाम संपल्यावर, म्हणजे चैत्राच्या सुमारास करावी, वाळलेल्या, आंत वळलेल्या व रोगट फांद्या काढून झुडूप मोकळें करावें. पावसाळ्याच्या आरंभीं वाटल्यास शेंडे खुडावे, म्हणजे फुटवे अधिक येतील. परंतु भाद्रपद उलटल्यावर विळा लावूं नये. दिवाळीच्या साफसफाईंत, अंगण सुबक दिसावें म्हणून, कित्येक जण कुंदाचें झुडूप गोल कातरून टाकतात, व मग माघांत ‘यास फूल येत नाहीं’ अशी तक्रार करतात. दोष झाडाचा नसतो. येणारें फूल दिवाळींतच उकिरड्यावर गेलेलें असतें.

खत दोन वेळां द्यावें: छाटणीनंतर एकदां व पावसाचा जोर ओसरल्यावर एकदां. शेणखत व पेंड यांवर झाड संतुष्ट राहतें. रासायनिक नत्राचा मारा केला असतां पानेंच पानें येतात. पावसाळ्यांत बुंध्याशीं पाणी सांचूं देऊं नये. मातीची भर द्यावी व चर काढावे. पाऊस थांबल्यावर जमीन पाहून पाणी द्यावें. कळी धरल्यापासून मात्र ओल तुटूं देऊं नये.

पाण्याचा मुद्दा आला म्हणून आमच्या मतें जें या पिकाचें सर्वांत मोठें महत्त्व आहे तें येथेंच सांगतों. खाडीकांठच्या गांवांतील विहिरी पावसाळ्यानंतर गोड्या असतात. फाल्गुनापासून त्यांतील पाणी खालीं जातें व कित्येकांत खारेपणा येऊं लागतो. मोगऱ्यास भरपूर पाणी लागतें तें याच वेळीं, कारण त्याचा हंगाम उन्हाळ्याचा. कागड्यास पाणी लागतें तें कार्तिकापासून माघापर्यंत, म्हणजे विहीर गोडी असतांना. फाल्गुनांत फूल सरलें कीं त्याची गरजही कमी होते. ज्याची विहीर चैत्रांत खारी होते, त्यास मोगरा लावून रडत बसण्यापेक्षां कागडा लावणें अधिक शहाणपणाचें आहे. आणि ज्याच्या विहिरीस बारमाही गोडें पाणी आहे, त्यानें दोन्ही लावावे, म्हणजे एका हंगामाचा हात दुसऱ्यास पुरतो.

किडींपैकीं कळी पोखरणारी अळी व कळीमाशी या दोन मुख्य. अळीनें पोखरलेल्या कळीस भोंक दिसतें व शेजारच्या कळ्या जाळीनें गुंडाळलेल्या असतात. माशीनें बाधलेली कळी सुजून वेडीवांकडी होते. कोळ्यामुळें पानांवर लव वाढल्यासारखे पुंजके येतात किंवा पानें पिवळीं पडतात. पहिला उपाय म्हणजे बाधलेल्या कळ्या व पानें रोजच्या रोज खुडून नष्ट करणें, बुंध्याखालची माती हलवीत राहणें व झुडूप मोकळें ठेवणें. दुसरा उपाय, पांच टक्के निंबोळी अर्क. तीव्र विषारी औषधाकडे वळण्यापूर्वीं दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचा किंवा कृषि खात्याच्या माणसाचा सल्ला घ्यावा. १९७२ सालीं स्थापन झालेलें हें विद्यापीठ आमच्याच पट्टीकरितां आहे. त्याचा उपयोग करून घेणें हा आमचा हक्क आहे, आणि न विचारतां दुकानदाराच्या सांगण्यावरून बाटली आणणें हा आमचा आळस आहे.

येथवर झाडाचें झालें. आतां माणसाचें, व आमच्या मतें हें पीक तरणें किंवा बुडणें यावरच अवलंबून आहे. कागड्याची बाग लावणें सोपें. कळी खुडणें अवघड. कळी पूर्ण वाढलेली परंतु न उमललेली हवी, म्हणून तांबडें फुटण्यापूर्वीं व थंडींत कामास लागावें लागतें. कळी बारीक, वजनास हलकी. शेरभर कळी जमविण्यास किती वेळां हात पुढें-मागें होतो याचा हिशेब जो स्वतः एक पहांट खुडून पाहील त्यासच कळेल. हें काम बहुतकरून स्त्रिया करतात. पाड्यावरच्या, कोळीवाड्यांतल्या, शेजारच्या चाळींतल्या. त्यांस घरचें पाणी भरून, मुलांचें आटोपून दुसऱ्या कामास जावयाचें असतें. आणि खातेदार मंडळी काटकसर करावयास निघाली कीं पहिली कात्री त्यांच्याच मजुरीस लागते, हें आम्हीं अनेक ठिकाणीं पाहिलें आहे.

आमच्या पाहण्यांतील एका वाडींत मालकानें मजुरी टोपलीवर ठरविली. दोन हंगाम बरे गेले. तिसऱ्या हंगामीं टोपली मोठी झाली, मजुरी तीच राहिली. बायकांनीं भांडण केलें नाहीं. एक-एक करून त्या येईनाशा झाल्या, व घरीं बसून दुसऱ्याच्या फुलांच्या वेण्या ओंवूं लागल्या. ऐन पौषांत कळी झाडावर उमलली, आणि उमललेल्या कागड्यास बाजारांत कोणी विचारीत नाहीं. टोपलींत जें वांचविलें त्याच्या कित्येक पट झाडाखालीं गळून पडलें. मालक आतां म्हणतात, ‘माणसें मिळत नाहींत.’ माणसें मिळतात. खोटें माप मिळालें म्हणजे तीं राहत नाहींत.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, मजुरी वजनावर द्यावी, काटा बाईच्या डोळ्यांसमोर असावा, व दर हंगामाच्या आरंभींच बोलून ठरवावा. बाजारांत दर चढला तर त्याचा वांटा खुडणारीसही मिळावा. १९४८ सालीं किमान वेतनाचा कायदा झाला तेव्हांपासून शेतमजुरीसही किमान दर ठरविण्याची पद्धति आहे. त्याखालीं जाणें हें बेकायदा तर आहेच, परंतु या पिकांत तें आतबट्ट्याचेंही आहे. औषध फवारल्यावर जितके दिवस थांबण्यास सांगितलें असेल तितके दिवस कळी खुडूं नये, मग त्या दिवशीं दर कितीही असो. ज्या कळीवर सायंकाळीं विष पडलें ती पहांटे बाईच्या बोटांत येते. वेणी करणारी दोऱ्याचें टोंक दांतांत धरते. आणि वेणी शेवटीं कोणाच्या तरी लेकीच्या केसांत जाते. फूल खाण्याची वस्तु नाहीं म्हणून त्यास कांहींही चालतें, ही समजूत सोडून दिली पाहिजे.

विक्रीची सोय आम्हांस चांगली आहे. दादरचा फुलबाजार पहांटेसच भरतो, आणि दादर हें पश्चिम व मध्य अशा दोन्ही रेल्वेंवरील ठाणें असल्यामुळें बोरिवलीकडचा व मुलुंडकडचा शेतकरी सारख्याच सोयीनें तेथें पोंचतो. गोराईचा शेतकरी खाडी होडीनें ओलांडून बोरिवलीस येतो व लोकलच्या मालडब्यांतून टोपली नेतो. पूर्वेकडील गांवांस कल्याणचा बाजारही आहे. कळी बांबूच्या टोपलींत केळीचें पान व ओलसर फडकें घालून न्यावी. पाण्यानें चिंब करूं नये, काळी पडते. परंतु पांच-पांच शेर कळी घेऊन दहा शेतकऱ्यांनीं दहा तिकिटें काढून जावें व दहाजणांनीं आडत्यापुढें निरनिराळे हात जोडावे, यांत शहाणपण नाहीं. एका गांवचा माल एका टोपलींत, एका माणसाबरोबर, एका चिठ्ठीवर जावा. आमच्या संघानें याकरितां गांवोगांव एक काटा व एक वही दिली तरी पुष्कळ काम होईल. संघ हा सभा भरविण्याकरितां नाहीं. एकट्यास जें परवडत नाहीं तें दहांस परवडावें याकरितां आहे.

आतां आमच्या जुन्या धंद्याची एक गोष्ट. गांव नमुना सात हा हक्काचा व बारा हा पिकाचा. दोन्ही मिळून सातबारा. पहिल्या भागाकरितां खातेदार जीव टाकतो, दुसऱ्याकडे पाहतही नाहीं. फुलझाडें लावलेल्या कित्येक तुकड्यांच्या पिकाच्या रकान्यांत आम्हीं ‘गवत’ किंवा ‘पड’ असें लिहिलेलें पाहिलें आहे, आणि तें खातेदारानें वर्षानुवर्षें तसेंच राहूं दिलें आहे. याचा परिणाम पुढें होतो. अतिवृष्टीनें बाग गेली म्हणजे पंचनाम्याच्या वेळीं नोंद विचारली जाते. रस्त्याकरितां किंवा रेल्वेकरितां जमीन घेतली गेली म्हणजे मोबदल्यांत जमिनीखेरीज तीवरील झाडें व उभें पीक यांचेंही मूल्य धरण्याची तरतूद आहे. १८९४ च्या जुन्या कायद्यांत ती होती व २०१३ च्या भूसंपादन कायद्यांतही आहे. परंतु जें कागदावर ‘पड’ आहे त्यावर झाडें होतीं हें सिद्ध करण्याचा भार खातेदारावर येतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीची पद्धत महाराष्ट्रांत सुरू झाली. शेतकऱ्यास आपल्या पिकाची नोंद छायाचित्रासह आपल्याच मोबाइलवरून करतां येते. ज्यास तें जमत नाहीं त्यानें घरांतील शाळकरी मुलाकडून करवून घ्यावें. जेथें सिटी सर्व्हे होऊन सातबाऱ्याऐवजीं मिळकत पत्रिका आली आहे, तेथील मंडळींनीं निदान लागणीची तारीख, झाडांची संख्या व विक्रीच्या चिठ्ठ्या आपल्यापाशीं जपून ठेवाव्या. लिहिलेलें असतें तें बोलतें. सांगितलेलें कोणी ऐकत नाहीं, हा आमच्या सबंध नोकरीचा सारांश आहे.

शेवटचा आक्षेप असा येईल कीं, ज्या जमिनीचा भाव चौरस फुटावर बोलला जातो तीवर फुलें लावून काय मिळणार? इमारतीच्या भावाशीं फुलाच्या भावाची तुलना करावयाची असेल तर फूल हरेल, यांत शंका नाहीं. परंतु ज्यास विकावयाचें आहे तो विकणारच. त्यास आमचा उपदेश नको आहे. आम्ही बोलतों तें ज्यास विकावयाचें नाहीं, किंवा निर्बंधांमुळें बांधतां येत नाहीं, किंवा भावांचे हिस्से ठरेपर्यंत जमीन तशीच ठेवावी लागते, अशा खातेदाराविषयीं. व असे खातेदार आमच्या वाचकांत बरेच आहेत. त्यांच्यापुढें निवड इमारत कीं फूल अशी नाहींच. निवड आहे ती पड कीं पीक अशी. आणि त्या निवडीस एकच उत्तर आहे.

तथापि अतिरेक नको. सर्व गांवानें सर्व जमिनींत कागडाच लावला तर एका हंगामांत दर बसेल व पुढच्या हंगामांत बागा उपटल्या जातील. असे प्रकार फुलांत पुष्कळ झाले आहेत. बागेच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कागडा असूं नये. उरलेल्या जागेंत मोगरा, सोनचाफा, अबोली हीं आपल्या पाण्याप्रमाणें ठेवावीं, म्हणजे बाराही महिने कांहीं ना कांहीं टोपलींत पडेल व खुडणाऱ्या बायकांसही वर्षभर काम राहील. ज्यास काम वर्षभर मिळतें तो माणूस टिकतो.

तेव्हां येत्या आषाढांत प्रत्येक वाचकानें निदान एक गुंठा, म्हणजे ३० झाडें लावून पाहावीं, अशी आमची विनंति आहे. ज्यास गुंठाही नाहीं त्यानें विहिरीच्या कडेला व कुंपणाशीं पांच लावावीं. पहिली कळी कोणत्या तिथीस आली, रोज किती वजन उतरलें, मजुरी किती दिली, दर काय मिळाला, विहिरीचें पाणी केव्हां बदललें, हें वहींत टिपावें. तिसऱ्या वर्षीं झाड भरांत आल्यावर त्या वह्या संघाच्या सभेंत एकत्र मांडाव्या. आमचें मत बरोबर कीं चूक, हें त्या वेळीं आमच्या शब्दांवरून न ठरवितां त्या आंकड्यांवरून ठरवावें. फाटे लावण्यास पाऊस पडावा लागतो. खड्डे खणण्यास मात्र आजपासूनही हरकत नाहीं.